फोन सोडायची वेळ येईल तेव्हा

"आयफोन घेऊ की सॅमसंगचा गॅलेक्सी?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, आत्ताचा फोन कुठला आहे आणि त्यात काय काय साठलंय? विचारणाऱ्याला वाटतं, मी उत्तर टाळतेय. त्याला कॅमेऱ्याबद्दल ऐकायचं असतं, बॅटरी दिवसभर पुरते का ते हवं असतं. पण माझं ठाम मत आहे की या दोन ब्रँडमधली निवड दोन नव्याकोऱ्या फोनांकडे बघून करूच नये. पहिल्या दिवशी दोन्ही उत्तमच असतात. निवड करावी ती शेवटच्या दिवसाचा विचार करून. हा फोन काही वर्षांनी थकेल किंवा मला नकोसा होईल, तेव्हा यातून किती सहज बाहेर पडता येईल? माझं म्हणून जे काही त्यात असेल, त्यातलं किती माझ्यासोबत येईल?

घरातल्यांचे, नात्यातल्यांचे, ओळखीपाळखीच्यांचे फोन बदलून द्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे आणि मला ते मनापासून आवडतं. माणसाचं आयुष्य एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेताना त्या आयुष्याचा आवाका कळतो. कुठे काय अडतं तेही कळतं. आणि अडतं ते कॅमेऱ्यापाशी नाही.

नव्या फोनांमधला फरक किती कमी झालाय, ते आधी सांगते. स्टीव्ह जॉब्स यांनी ९ जानेवारी २००७ रोजी पहिला आयफोन दाखवला तेव्हा तो खरोखरच निराळा होता. गुगलने २००५ मध्ये विकत घेतलेल्या अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ मध्ये एचटीसीने बनवला, आणि त्याच अँड्रॉइडवरचा सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी एस आला २०१० मध्ये. त्या काळात दोन्हीकडच्या फोनांत जमीनअस्मानाचं अंतर होतं. पुढे मात्र दोघं एकमेकांकडे सरकत गेले. मोठ्या पडद्याचे फोन कुणी घेणार नाही, असं जॉब्स २०१० मध्ये म्हणाले होते. पुढच्याच वर्षी सॅमसंगने ५.३ इंचांचा गॅलेक्सी नोट आणला, आणि २०१४ मध्ये ॲपलनेही साडेपाच इंचांचा आयफोन ६ प्लस काढला. ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोन जॅक काढला, तेव्हा सॅमसंगने जाहिरातींत त्यावरून टोमणे मारले. २०१९ च्या नोट १० मधून तोच जॅक गेला. २०२० मध्ये आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर गायब झाला. काही महिन्यांतच, जानेवारी २०२१ मध्ये, गॅलेक्सी एस२१ च्या खोक्यातही तो नव्हता.

कोर्टात मात्र दोघं वर्षानुवर्षं भांडत राहिले. एप्रिल २०११ मध्ये ॲपलने सॅमसंगवर नक्कल केल्याचा दावा ठोकला, ऑगस्ट २०१२ मध्ये ज्युरीने सुमारे १०५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली, मग ती रक्कम कमी-जास्त होत राहिली, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं आणि २०१८ मध्ये आपसांत मिटलं. ही लढाई जोरात होती त्या वर्षांतही आयफोनचे प्रोसेसर सॅमसंगच्याच कारखान्यात तयार होत होते. २०१७ च्या आयफोन टेनचा ओलेड पडदाही सॅमसंगचाच होता. म्हणजे या फोनवरून त्या फोनवाल्यांशी वाद घालणाऱ्याच्या हातातल्या वस्तूतला मोठा भाग कधीकधी त्याच 'विरोधी' कंपनीने बनवलेला असतो. हे कळल्यापासून कुठल्या कंपनीची बाजू घ्यायची हा प्रश्न माझ्यापुरता तरी संपला.

कॅमेऱ्याचंही तसंच. आकड्यांवर जाऊ नये, एवढंच मी सांगते. सॅमसंगने २०२३ च्या एस२३ अल्ट्रामध्ये २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा दिला, पण नेहमीचा फोटो काढताना तो सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचंच चित्र देतो. छोट्याशा सेन्सरवर प्रकाश कमी पडतो, म्हणून तसं करणं शहाणपणाचंच आहे. ॲपलने तर २०१५ पासून २०२१ पर्यंत १२ मेगापिक्सेलवरच भागवलं आणि फोटो दर वर्षी सुधारत गेले, कारण खरं काम आता भिंगापेक्षा गणित करतं. एका क्लिकमध्ये फोन अनेक चित्रं टिपतो, जुळवतो, उजळतो, गोंगाट पुसतो. आता त्यातही आवडनिवड उरतेच. कुणाला त्वचेचा रंग आहे तसा हवा असतो, कुणाला आकाश जरा जास्त निळं चालतं. दोन्ही फोनांवर एकाच खिडकीशी, एकाच उजेडात, आपल्या माणसाचा फोटो काढून बघावा आणि विषय संपवावा.

ज्यावर वेळ घालवायला हवा, ती गोष्ट म्हणजे फोनचं म्हातारपण.

लिथियम-आयन बॅटरी वापरली तरी झिजते आणि नुसती ठेवली तरी झिजते. झिजलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, आणि प्रोसेसरने अचानक जास्त वीज मागितली की ती देता न आल्यामुळे फोन पटकन बंद पडतो, मग पडद्यावर तीस टक्के का दिसेनात. हे टाळायला ॲपलने २०१७ च्या सुरुवातीला एका अपडेटमधून काही जुन्या आयफोनांचा वेग गरजेनुसार कमी करायची सोय घातली. तांत्रिकदृष्ट्या त्यात अर्थ होता. चूक होती ती नीट न सांगण्याची. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ते उघडकीला आलं, लोक संतापले, कंपनीने माफी मागितली आणि बॅटरी बदलून द्यायचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. कितीतरी लोकांनी केवळ 'फोन म्हातारा झाला' असं समजून नवा घेतला असेल. त्यांना फक्त बॅटरी हवी होती. इटलीच्या स्पर्धा नियामकाने ऑक्टोबर २०१८ मध्ये जुने फोन अपडेटमुळे मंदावल्याबद्दल ॲपलला एक कोटी युरोचा दंड केला, आणि त्याच दिवशी सॅमसंगलाही पन्नास लाख युरोचा. या बाबतीत डावं-उजवं करायला मी तयार नाही.

सुधारणाही दोन्हीकडे झाली आहे, ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. एके काळी अँड्रॉइड फोनला दोन वर्षं अपडेट मिळाले तर नशीब, अशी स्थिती होती. सॅमसंगने जानेवारी २०२४ च्या एस२४ पासून वरच्या फोनांना सात वर्षांची हमी दिली. ॲपलने असा आकडा फारसा मिरवला नाही, पण २०१३ च्या आयफोन ५एस ला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षेची दुरुस्ती मिळाली होती. २०२३ च्या आयफोन १५ ची बॅटरी एक हजार वेळा चार्ज होऊनही ऐंशी टक्के क्षमता राखेल असं ॲपल सांगतं. आधीच्या आयफोनांसाठी हाच आकडा पाचशे होता. फोन तयार होतानाच त्याच्या एकूण प्रदूषणातला बहुतांश भाग होऊन गेलेला असतो. तेव्हा एकच फोन जास्त वर्षं वापरणं हीच पर्यावरणासाठी आपल्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट, आणि कुणाचाही सल्ला घेण्याआधी आहे त्या फोनची बॅटरी बदलून वर्षभर ढकलता येतं का ते बघावं. माझ्याकडे आलेल्यांपैकी काही जण हे ऐकून नवा फोन न घेताच गेले. मला त्याचा आनंद आहे.

समजा, फोन बदलायचाच आहे, आणि ब्रँडही बदलायचा आहे. तेव्हा काय होतं, ते मी आईच्या बाबतीत अगदी जवळून पाहिलं.

आईने बरीच वर्षं एकाच ब्रँडचे फोन वापरले होते. भावाने तिला दुसऱ्या ब्रँडचा दिला. कुठून कुठे, ते सांगत नाही, कारण उलट दिशेनेही थोड्याफार फरकाने हेच झालं असतं. दोन्ही फोन शेजारी ठेवून मी बसले. एका फोनवर आलेला कोड दुसऱ्यावर टाकला, दोघांनी एकमेकांना ओळखलं आणि पट्टी सरकू लागली. संपर्क आले. फोटो आले. व्हॉट्सॲपचं संभाषणही आलं, आणि हे काही वर्षांपूर्वी शक्यच नव्हतं. एकीकडचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर, दुसरीकडचा ॲपलच्या आयक्लाउडवर, आणि दोघांची भाषा एकमेकांना कळायची नाही. आयफोनवरून सॅमसंगवर गप्पा नेण्याची अधिकृत सोय २०२१ मध्ये झाली, अँड्रॉइडवरून आयफोनवर नेण्याची २०२२ मध्ये. त्याआधी ज्यांनी फोन बदलले, त्यातल्या कित्येकांच्या गेलेल्या माणसांचे निरोप, आवाज, अर्धवट राहिलेल्या गप्पा जुन्या फोनमध्येच राहिल्या.

आईचं अडलं ते दोन ठिकाणी. पहिलं, तिच्या नोंदी. रक्तदाबाचे रोजचे आकडे, औषधांच्या वेळा, वाचताना आवडलेली वाक्यं, कुणाचा वाढदिवस कधी, हे सगळं ती जुन्या फोनमध्ये आधीच असलेल्या नोंदींच्या ॲपमध्ये लिहायची. ते ॲप नव्या फोनसाठी मिळतच नाही. शेवटी मी एकेक नोंद उघडून साध्या मजकुराच्या स्वरूपात बाहेर काढली. आई शेजारी बसून सांगत होती, "हे ठेव, हे आता नको." रक्तदाबाचे आकडे तिने सगळे ठेवायला लावले, कारण डॉक्टर विचारतात.

दुसरं अडलं तो तिचा अंगठा. जुन्या फोनवर मागे जायचं बटण खाली, उजव्या कोपऱ्यात होतं. उजव्या हातात फोन धरला की अंगठा आपोआप तिथे जायचा. नव्या फोनवर त्या जागी काहीच नाही. मागे जायचा बाण वर, डाव्या कोपऱ्यात, म्हणजे उजव्या अंगठ्यापासून सगळ्यात लांब. नाहीतर डाव्या कडेवरून बोट आत सरकवायचं. "अगं, मागे कसं जायचं?" हा प्रश्न पुढचे कितीतरी दिवस येत राहिला. तिला समजत नव्हतं असं मुळीच नाही. पहिल्याच दिवशी तिने ते नीट करून दाखवलं होतं. पण विचार करत असताना हात त्याचं त्याचं काम करतो, आणि तिचा अंगठा त्या रिकाम्या कोपऱ्यावर टेकून राहायचा. तिथे काही होत नाही म्हटल्यावर ती थांबायची, मग आठवायची, मग डावा हात पुढे यायचा. एखादी गोष्ट अंगवळणी पडते म्हणजे नेमकं काय होतं, ते मी त्या अंगठ्याकडे बघून शिकले. फोनच्या माहितीपत्रकात याचा उल्लेख नसतो. जे डोळ्यांऐवजी कानांनी फोन वापरतात, त्यांच्यासाठी तर ही किंमत फार मोठी आहे. आयफोनवरचं व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवरचं टॉकबॅक, दोन्ही २००९ पासून आहेत, दोन्ही चांगली आहेत, पण त्यांच्या बोटांच्या खुणा निराळ्या. दृष्टिहीन माणसाला 'दुसरा ब्रँड घेऊन बघ' असं सहज सांगणाऱ्यांचा मला राग येतो.

हे सगळं आपोआप झालेलं नाही, काही भिंती मुद्दाम बांधलेल्या आहेत. २०२१ मध्ये एपिक गेम्स ही गेम बनवणारी कंपनी आणि ॲपल यांच्यातला खटला चालला तेव्हा ॲपलच्या अधिकाऱ्यांचे जुने ईमेल उघड झाले. आयमेसेज ही ॲपलची संदेशांची सेवा अँड्रॉइडवर का आणू नये, याची त्यांत चर्चा होती. एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा मुद्दा असा की तसं केलं तर आयफोन वापरणारी कुटुंबं मुलांना अँड्रॉइड फोन घेऊन द्यायला मोकळी होतील, त्यांच्यापुढची अडचणच दूर होईल. दुसऱ्याचं मत, याने आपला फायद्यापेक्षा तोटाच जास्त. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ अस्वस्थ होते. आपण ज्याला सोय म्हणतो, तिचा हिशेब कुणीतरी अडचण म्हणून मांडून ठेवलेला असतो. दोन वेगळ्या फोनांमधले साधे संदेश जरा बरे जावेत म्हणून असलेलं आरसीएस आयफोनवर आलं ते २०२४ मध्ये. चार्जिंगच्या पिनचंही तेच. २०१२ पासूनची लायटनिंग सोडून ॲपलने २०२३ मध्ये यूएसबी-सी घेतली, ती युरोपीय संघाने कायदाच केल्यावर.

अँड्रॉइडची बाजू यात धुतल्या तांदळासारखी आहे असंही नाही. गुगल फोटोजने वर्षानुवर्षं मोफत, अमर्याद जागा दिली, लोकांनी भरभरून फोटो चढवले, आणि १ जून २०२१ पासून ती सोय बंद झाली. तोवर इतकं साठलं होतं की काढून नेणार कुठे? २०२१ पासूनचं सॅमसंगचं गॅलेक्सी वॉच आयफोनला जोडता येत नाही; ॲपल वॉच तर पहिल्यापासून फक्त आयफोनचंच. आणि दोन बाजू म्हणाव्यात त्या आतून किती गुंतलेल्या आहेत! आयफोनच्या सफारीत गुगलचाच शोध आधीपासून लावलेला असावा म्हणून गुगलने एकट्या २०२२ मध्ये ॲपलला २,००० कोटी डॉलर दिल्याचं अमेरिकेतल्या खटल्यात पुढे आलं.

तरीही माणसं या ब्रँडवरून इतकी का भांडतात, याचा मी पुष्कळ विचार केलाय. माणसं निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करणारे डॅनियल काहनेमान, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार पटतो. काही विद्यार्थ्यांना साधे कप दिले आणि विचारलं, कितीला विकाल? ज्यांना कप मिळाले नव्हते त्यांना विचारलं, कितीला घ्याल? ज्यांच्या हातात कप होता त्यांनी मागितलेली किंमत साधारण दुप्पट निघाली. थोडा वेळ हातात राहिलेल्या कपाची ही कथा, तर रोज उशाशी असणाऱ्या, लेकराचं पहिलं पाऊल टिपणाऱ्या वस्तूचं काय होत असेल? माणूस ब्रँडची बाजू घेतो तेव्हा बऱ्याचदा तो स्वतःच्या त्या वर्षांची बाजू घेत असतो. म्हणून मी कुणाच्या फोनला नावं ठेवत नाही.

मी स्वतः सध्या गॅलेक्सी वापरते. केबल लावली की त्यातले फोटो आणि फायली साध्या फोल्डरमध्ये दिसतात, हव्या तिथे उचलून नेता येतात, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं कारण. माझ्या कामाला ते लागतं. भावाकडे आयफोन आहे, त्याचा संगणकही त्याच कंपनीचा, आणि त्या दोघांचं जे जमतं ते मला माझ्या फोनवर आजवर मिळालेलं नाही, हे मी त्याला कितीदा तरी सांगितलंय.

परवा भाचीने विचारलं. कमावते पैसे हातात आलेत, पहिला स्वतःचा फोन घ्यायचाय. "मावशी, खरं सांग, कुठला?" आत्ताचा तिचा फोन म्हणजे वडिलांनी वापरून दिलेला जुना आयफोन. मी नेहमीचे प्रश्न विचारले. मैत्रिणी आणि घरचे मिळून दोन्ही प्रकारचे फोन वापरतात, गप्पा सगळ्या व्हॉट्सॲपवर, फोटो आयक्लाउडवर. तिथली मोफतची ५ जीबी केव्हाच भरली आहे आणि आता ती दर महिन्याला पैसे भरते. हात आयफोनला सरावलेला. बोलता बोलता कळलं की तिच्या नोंदी आणि पासवर्डही सगळे ॲपलच्याच ॲपमध्ये आहेत, आणि फोनसोबत घड्याळ घ्यायचाही विचार आहे.

मी तिला म्हटलं, आयफोनच घे, तुझा हात बसलाय, तो मोडू नकोस. पण दोन कामं आधी कर. सगळ्या फोटोंची एक प्रत स्वतःच्या हार्ड डिस्कवर काढून ठेव, आणि पासवर्ड, नोंदी अशा ॲपमध्ये हलव जे दोन्हीकडे चालतं. म्हणजे पुढे कधी वाटलंच तर तुला फोन आवडतो म्हणून तू राहशील, निघता येत नाही म्हणून नाही. घड्याळाचं तिने खोदून विचारलं. ते फक्त याच फोनबरोबर चालेल आणि त्यामुळे पुढचा फोनही ठरल्यासारखाच होईल, हे तिला माहीत नव्हतं. आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. तिला ते पळताना हृदयाचे ठोके मोजायला हवं होतं, आणि त्यासाठी कुठल्याही फोनला जोडता येणारा साधा पट्टा पुरतो. नोंदी हलवायचं काम तिने रविवारी केलं. फोटोंची प्रत काढायला ती हार्ड डिस्क घेऊन माझ्याकडे येणार आहे. घड्याळ सध्या नको म्हणाली. फोन मात्र आयफोनच घेतेय, आणि मला ते पटलंय.